काका, चौथ्या पानाला चिरा आल्या

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात सोलापूर रस्त्यावरच्या तुमच्या नर्सरीत एक बाई कुंडी छातीशी धरून रिक्षातून उतरली होती, आठवतंय? ती मीच. कुंडीतला मॉन्स्टेरा, म्हणजे वाढला की नव्या पानांना आपसूक चिरा पडणारं ते शोभेचं झाड, माझ्या मुलीचा. नोकरीसाठी हैदराबादला जाताना तिने तो माझ्या हवाली केला होता, आणि चारच महिन्यांत त्याची तीन पानं पिवळी पडून गळली होती. जिथून घेतला तिथे विचारलं, तर 'रोज पाणी घाला' एवढंच सांगितलं. मी इमानेइतबारे घालत राहिले.

तुम्ही आधी नुसती कुंडी उचलून पाहिलीत. म्हणालात, "ताई, ही पाण्यानेच जड झालीये." मग झाड अलगद बाहेर काढलंत आणि एक तपकिरी मूळ दोन बोटांत धरून ओढलंत. वरची साल बोटांत राहिली, आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. मूळ कुजलं की असं होतं, हे सांगून लगेच शेजारचं पांढरं, टणक मूळ मला चाचपायला लावलंत. तो फरक अजून माझ्या बोटांना आठवतो.

"हे अळवाच्या कुळातलं, पण अळवासारखं पाण्यात उभं राहणारं नाही," हे तुमचं वाक्य मी मुलीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलात हे मोठ्या झाडांच्या खोडाला धरून वर चढतं, म्हणून मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मी मात्र चिकट काळी माती भरून खाली बशीत पाणी साचू देत होते. खोडातून लोंबणाऱ्या हवाई मुळांना कात्री लावायच्या बेतात होते, तेही तुम्हीच थांबवलंत. "ते त्याचे हात आहेत, काठीला धरू द्या."

खोड कुजलं होतं, पण तुम्ही वरची दोन निरोगी पेरं हवाई मुळांसकट कापून दिलीत. चीक लागून माझा हात खाजायला लागला, तेव्हा घरात लहान मूल किंवा मांजर आहे का, हेही आठवणीने विचारलंत. पान चावलं तर अळवासारखीच तोंडाची आग होते, हे मला कुठे ठाऊक होतं? कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, परलाइटचे हलके पांढरे दाणे, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडं गांडूळखत तुम्ही स्वतः कालवून पिशवीत भरून दिलंत.

समोर दहा तरी टवटवीत मॉन्स्टेरा विक्रीला मांडलेले होते. त्यातला एखादा घ्या, असं तुम्ही एका शब्दानेही म्हणाला नाहीत. तुमच्याकडून न घेतलेल्या झाडापायी तासभर मातीत हात घालून बसलात आणि पैसे फक्त मिश्रणाचे घेतलेत. काका, त्या दिवशी झाडापेक्षा जास्त धीर मला हवा होता, आणि तो तुम्ही दिलात.

पेरं पाण्यात ठेवली, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं. महिन्याभरात मुळं बोटभर झाली, मग कुंडीत लावलं. टीव्हीमागचा अंधारा कोपरा सोडून आता ते पूर्वेच्या खिडकीजवळ, पातळ पडद्याआड असतं. बोट दोन पेरं मातीत खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात कधी बारा-बारा दिवस घालावं लागत नाही, उन्हाळ्यात पाचव्या दिवशीच लागलं. रविवारी ओल्या फडक्याने पानं पुसते, तळव्याने खालून आधार देऊन, तुम्ही दाखवलंत तशी.

पहिली तीन पानं अखंडच आली, चीर एकही नाही. चौथं परवा उलगडलं. दोन दिवस ते पोपटी सुरळीसारखं होतं, सकाळी पाहिलं तर एका बाजूला तीन चिरा. इतकं कोवळं की बोट लावायचा धीर झाला नाही. फोटो काढताना माझा हात थरथरत होता.

मुलगी दिवाळीला येतेय. तिला घेऊन तुमच्याकडे येणार आहे. दुसऱ्या पेराचं रोप तुमच्यासाठी राखून ठेवलंय. त्याला सध्या दोनच पानं आहेत आणि एक हवाई मूळ नुकतं फुटलंय. तेवढ्यापुरती एक छोटी काठी काढून ठेवा.

तुमची,
कुंडीवाली ताई