ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्यांचे आभार

महाराष्ट्र सरकारच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शिक्षण हक्काचे नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट मिळणार होती. आम्हा पालकांना त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. तेव्हा एका ताईंनी जिन्यात बसूनच तो कागद सोप्या मराठीत समजावला, दोनदा. त्यांच्याबरोबर निवेदनाच्या प्रती घेऊन दारोदार फिरलेले ते दोन तरुण, आणि सही करताना हात थरथरणाऱ्या आजींना "सावकाश करा" म्हणणारे ते काका... तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच झाला. लढाई याचिकाकर्त्यांची आणि वकिलांची, हे खरंच. पण आमची भीती तुम्ही घालवलीत, आणि मला तेही तितकंच मोठं वाटतं.

त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी तुमच्यापैकीच कुणीतरी माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी १२-ड अर्ज आणून दिला. ८५ च्या पुढच्यांना घरून मतदान करता येतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मतदान पथक घरी आलं, आडोसा उभा केला. मत देऊन झाल्यावर मामंजींनी बोटाची शाई सगळ्यांना दाखवली, शेजाऱ्यांनाही बोलावून.

ताई, तुमची निळी फाईल आमच्याकडेच राहिली आहे. जपून ठेवली आहे.