काडी न घातलेला ब्रॅक

कॉर्क, आयर्लंड,
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या पद्धतीने त्यांना सांगते, म्हणून या वेळी पत्र.

यंदा नरकचतुर्दशी आणि इथली हॅलोविन एकाच दिवशी आली, ३१ ऑक्टोबरला. पहाटे उटणं लावून न्हाले. कारीट इथे कुठून आणू? न्हाणीच्या दाराशी एक चेरी टोमॅटो अंगठ्याने चिरडला आणि रीतसर जिभेला लावला. गोड निघाला, एवढंच चुकलं. गेल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलीत, त्यामुळे संध्याकाळी पाचालाच दिवेलागण. एका खिडकीत माझी पणती, शेजारच्या खिडकीत कोरलेला भोपळा, आणि भुताखेतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरणारी पोरं. बाबा, तुम्ही याला अमेरिकन थेर म्हणाला होतात. पण मूळ सण इथलाच आहे, नाव साउन. उन्हाळा सरून हिवाळा लागायची रात्र. त्या रात्री गेलेली माणसं घरी येतात, म्हणून पूर्वी त्यांच्यासाठी पान मांडून ठेवत. भोपळा मात्र अमेरिकेतून आलेला, इथे आधी सलगम कोरायचे.

या सणाचं पक्वान्न म्हणजे बार्मब्रॅक. आयरिश नावाचा अर्थ ठिपक्याठिपक्यांचा पाव. शेजारच्या आजींनी (वय ८१, कंबर तुझ्यासारखीच, आई, आणि औषध न घेण्याचा हट्टही) मला या वर्षी करायला बसवलं. आधीच सांगते, त्यात एक अंडं असतं. फराळाचे डबे मी वरच्या फळीवर ठेवले होते.

आदल्या रात्री ३५० ग्रॅम बेदाणे, काळ्या मनुका आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ३०० मिली कडक कोऱ्या चहात भिजत घालायची. चहा कुठला, यावरून इथे घरं फुटतात. कॉर्कमध्ये राहून बॅरीजशिवाय दुसरा वापरलास तर चव घेणार नाही, असं आजींनी बजावलं. ही कंपनी १९०१ पासून याच गावातली, त्यामुळे त्यांचा अभिमान समजून घ्यायचा. सकाळपर्यंत मनुका टम्म फुगतात आणि चहा जवळजवळ सगळा पिऊन टाकतात. मग २५० ग्रॅम मैदा, बेकिंग पावडर, ब्राउन शुगर, अंडं, दालचिनी आणि जायफळ. जायफळ किसताना अगदी आपल्या पुरणाचा वास. लोणी पिठात नाही, ते नंतर कापावर थापायचं, तेही कंजुषी न करता. १७० अंशांवर तासभर, वर आणखी थोडा वेळ. पहिल्या खेपेला मी अर्ध्या तासात ओव्हन उघडून पाहिलं आणि ब्रॅक मधोमध बसला. आजी म्हणाल्या, "भांड्याकडे सारखं बघणारी पोर." तूही हेच म्हणायचीस.

आता खरी गंमत. पिठात काही वस्तू लपवतात. अंगठी मिळेल त्याचं वर्षभरात लग्न. नाणं मिळालं तर पैसा, चिंधी मिळाली तर दारिद्र्य, वाटाणा मिळाला तर यंदा लग्न नाही. आणि काडी मिळाली तर संसार भांडणाचा. दुकानातल्या ब्रॅकमध्ये हल्ली खेळण्यातली अंगठी तेवढी असते, पण आजींनी सगळं सामान कागदात गुंडाळून ओळीने ओट्यावर मांडलं होतं. मी काडी उचलली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "ही तू खाऊन झालीस. दुसऱ्यांदा कशाला?"

मी हसत सुटले. त्यांना सांगितलं, आमच्या भाषेत घटस्फोटाला काडीमोडच म्हणतात. काडी मोडली की सुटलं. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ती काडी तिथल्या तिथे मोडून शेगडीत टाकली. आई, दोन वर्षांत या विषयावर मी कुणाबरोबर मोकळी हसले असेन तर त्या दिवशी. तुमच्या घरात तो विषय निघाला की बाबा पेपर उलटतात आणि तू गॅस बारीक करतेस.

संध्याकाळी इमारतीतले आम्ही सहा जण जमलो. नाणं वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याला गेलं, त्याच्या फीची सोय तेवढ्यात व्हायची नाही, पण खूश झाला. चिंधी आजींना आली. त्यांनी ती नाकाला लावून शिंकरल्याचं सोंग केलं. अंगठी कुणालाच सापडली नाही, ती उरलेल्या टोकात असणार. तो तुकडा आजींनी खिडकीत ठेवला, आजोबांसाठी. आधीच लग्न झालेल्या माणसाला अंगठी कशाला, असं कुणी विचारलं नाही.

मला वाटाणा आला. तेव्हा आई, मोबाइलवर येणारी स्थळं या वर्षीपुरती थांबव. पुण्याचे ते इंजिनीअर सज्जन असतील, पत्रिकाही जुळत असेल, पण इथल्या शास्त्रात बसत नाही.

आणि बाबा, तिला वाचून दाखवताना ही शेवटची ओळ गाळा: ब्रॅक मीच साच्यात ओतला होता आणि मीच कापला. वाटाणा कुठल्या टोकाला आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

तुमची,
मनी