कळमन्याच्या काका, त्या एका सहीबद्दल

आदरणीय काका,

ऑफिसातली गोष्ट आहे म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. वाचलंत की ओळखालच.

नागपूरजवळच्या बुटीबोरीचा कारखाना, कळमना बाजारातली अडत, ट्रान्सपोर्ट. मुख्य मालक एकच, वह्या वेगळ्या. सीनियर अकाउंटंट म्हणून मी आले तेव्हा या तिघांची आपसातली येणी-देणी कुठेच जुळत नव्हती. भाड्याचं बिल ट्रान्सपोर्टने मार्चमध्ये धरलेलं, कारखान्याने एप्रिलमध्ये, तेही टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, वजा करून. डिझेल एकाचं, पैसे दुसऱ्याचे. जे कुठेच बसलं नाही ते सस्पेन्स नावाच्या तात्पुरत्या खात्यात ढकललेलं. आधीचे साहेब चार्ज न देताच गेले. फोनवर "टॅलीत सगळं आहे, बघून घ्या" म्हणाले आणि फोन ठेवला. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या ताळेबंदांवर सह्या केल्या, तेच मला विचारत होते, "मॅडम, हा फरक कसा?" याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत तोंडावर होती. तुम्ही कळमन्याहून कापडी पिशवीत जुने खातेउतारे घेऊन आलात, एकेक नोंद लावत बसलात. ते उपकार आहेतच. पण मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

त्या मेळाचा कागद मालकांकडे जाण्याआधी तुम्ही खिशातलं पेन काढलं आणि फरकाच्या आकड्याखाली लिहिलं, "ही तफावत मॅडम रुजू होण्यापूर्वीची आहे." खाली सही, तारीख. कोणी मागितली नव्हती.

कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा आहे, नोंद कोणी कधी बदलली ते निघतं. अडतीची पेढी भागीदारीतली, तिला ती सक्ती नाही. तिथे माझ्या बाजूने बोलायला तुमच्या सहीशिवाय काहीच नव्हतं. आणि "मग तेव्हा तुम्ही काय करत होता?" हा प्रश्न तुमच्यावरच उलटू शकतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी लिहिलंत.

या लाइनीत हुशार माणसं पुष्कळ भेटली, काका. तोंडाने धीर देणारीही भेटली. खरं ते स्वतःच्या हाताने लिहून देणारे तुम्ही पहिले.

आता दर महिन्याला तिन्ही वह्यांचा मेळ कागदावर निघतो, त्यावर तिन्हीकडच्या सह्या होतात. दिवाळीत घरी येते. काकूंनाही भेटायचं आहे.

तुमची,
बुटीबोरीची अकाउंटंट