मांडीवरचे धडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत जमैकाच्या रेगे संगीतातला कलाकार डेमियन मार्ली याच्यावर अर्धं पान पाहून आनंद झाला. तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. पुढे सगळे त्याचे वडील, रेगेगायक बॉब मार्ली! छायाचित्रसुद्धा बॉब यांचंच, खाली नाव मात्र मुलाचं.

लेखक म्हणतात, डेमियनने वडिलांच्या मांडीवर बसून रेगेचे धडे गिरवले. बॉब गेले 11 मे 1981 रोजी. डेमियनचा जन्म जुलै 1978 चा. पोराला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या वयाची मुलं बापाच्या मांडीवर काय करतात, हे लेखकमहाशयांनी घरात कुणालाही विचारावं.

आई म्हणून बॉब यांच्या पत्नी रीटा मार्ली यांचं नाव छापलंय. त्याची आई सिंडी ब्रेकस्पिअर, 1976 ची मिस वर्ल्ड. ही चूक किरकोळ नाही, कारण 2001 च्या 'हाफवे ट्री' या अल्बमच्या नावातली गंमतच तिच्यामुळे आहे. हाफवे ट्री हा जमैकाची राजधानी किंग्स्टनमधला चौक. एका अंगाला पैसेवाल्यांचं शहर, दुसऱ्या अंगाला गरीब वस्त्या. आई सुखवस्तू घरातली, बाप ट्रेंचटाउनच्या गरीब वस्तीतून वर आलेला, आणि मुलगा मधल्या चौकात उभा. एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या बॉब यांच्या जटांच्या वर्णनात खर्ची पडल्या.

मला हे एवढं का झोंबलं ते सांगतो. माझे वडील कीर्तनाला पेटीची साथ करायचे, पंचक्रोशीत नाव होतं. मीही पेटी वाजवतो. गणेशोत्सवात एकदा माझं एकट्याचं वादन ठेवलं होतं. निवेदकाने माझी ओळख करून द्यायला माइक घेतला आणि वीस मिनिटं वडिलांवर बोलला. मग मला चिठ्ठी आली, 'आरती वेळेवर आहे, एकच अभंग घ्या.' वाजवून उतरलो तर एक गृहस्थ म्हणाले, "छान, पण वडिलांचा हात वेगळा हो!" वडील पहिल्या रांगेत बसले होते. घरी येताना म्हणाले, "तो माझ्याबद्दल जे बोलला, त्यातलं एक वाक्यही खरं नव्हतं." तुमचा लेख वाचून त्यांचीच आठवण झाली.

'वडिलांची ग्रॅमीची परंपरा पुढे नेली' हे वाक्य तर कहर आहे. बॉब यांना हयातीत एकही ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार, मिळाला नाही. रेगेसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला 1985 मध्ये, ते गेल्यावर चार वर्षांनी. कसली परंपरा? डेमियनने 2006 मध्ये एकाच रात्री दोन मिळवले, त्यातला एक रेगेच्या विभागाबाहेरचा. तो 'वेलकम टु जॅमरॉक'साठी. पर्यटनाच्या जाहिरातीतला जमैका बाजूला सारून गोळीबार, गरिबी आणि पुढाऱ्यांचा जमैका दाखवणारं गाणं. त्यातली जुनी आरोळी जमैकन गायक इनी कमोझेची, आणि निर्मितीत सावत्र भाऊ स्टीफनचा हात. शिवाय हा गातो कमी, तालावर बोलतो जास्त. तिकडे अशा माणसाला डीजे म्हणतात. (आपल्याकडचा डीजे म्हणजे मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा हादरवणारा. तो वेगळा.) बापाची गायकी आणि ही, दोन्हींत महदंतर आहे.

आता कुणी म्हणेल, 'ज्युनिअर गाँग' हे नाव तर तो स्वतःच मिरवतो, तेही बापाच्या 'टफ गाँग' या टोपणनावावरून. मान्य. मीही माझ्या पाटीवर वडिलांचं नाव लावलंय. पण ते आम्ही लावायचं, दुसऱ्याने आमच्या कपाळावर चिकटवायचं नाही.

2011 मध्ये 'सुपरहेवी' या बँडमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरबरोबर आपला रहमान आणि हाच डेमियन एकत्र गायले. रहमानच्या नादाने ती सीडी घरी आली, म्हणून माझ्यासारख्या पेटीवाल्याला हा मुलगा माहीत झाला. मराठी वाचकाला त्याच्याकडे न्यायची ही सरळ वाट होती. लेखात रहमानचं नावही नाही.

जाता जाता : शब्दकोड्यात सलग तिसऱ्या रविवारी 'उभे 14' चं शोधसूत्र गायब आहे. उत्तरात मात्र शब्द असतो. तो आम्ही कुणाच्या मांडीवर बसून शिकायचा?

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज