मोठ्या सिस्टरना पुण्यातच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सिस्टर लोकांची (चर्चच्या व्रत घेतलेल्या बायकांची) बातमी येते ती नाताळला, नाहीतर शाळांची अ‍ॅडमिशन सुरू झाली की. मी लिहितेय ते वेगळं आहे, आमच्या येरवड्याच्या वस्तीतलं सिस्टरांचं घर बंद होतंय आणि त्याबद्दल आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही. रविवारी मिस्सा म्हणजे चर्चची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या दारात एकीकडून दुसरीकडे कळलं, तेवढंच.

आधी माझं सांगते. माझं वय ५८, नर्सिंगचं काम करून आता घरी असते. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील नगरकडून (आता अहिल्यानगर म्हणायचं) कामाला पुण्याला आले, मागून आई आम्हा चार भावंडांना घेऊन आली. आम्ही कॅथलिक, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये अजूनही घरातलं कुणीतरी जातंच. पण सिस्टरांचा दवाखाना काही फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता, आमच्या गल्लीत मुसलमान, बौद्ध, मातंग, मराठा सगळे, आणि निम्म्या गल्लीची बाळंतपणं मोठ्या सिस्टरनी केलीत. मोठ्या म्हणजे वयाने, सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्या मूळच्या केरळच्या, विशीच्या आत महाराष्ट्रात आल्या, आज ८१ वर्षांच्या आहेत.

त्या घरात आधी पाच जणी होत्या, मग तीन, आता दोनच. धाकट्या सिस्टर म्हणजे त्याही ६९ च्या, त्यांचे गुडघे गेलेत. प्रोव्हिन्शियलनी, म्हणजे सिस्टरांच्या संघाच्या (संस्थेच्या) या भागातल्या प्रमुखांनी, ठरवलंय की हे घर बंद करून दुसऱ्या घरात मिळवायचं, धाकट्यांची ट्रान्सफर आणि मोठ्या सिस्टरना केरळमध्ये त्यांच्या संघाचं म्हाताऱ्या सिस्टरांचं घर आहे तिथे पाठवायचं. पुढच्या महिन्याचं पुणे-एर्नाकुलम गाडीचं तिकीट काढून पण झालंय.

कागदावर हे बरोबरच दिसतं, गावाकडे चालल्यात, आपल्या माणसांत. पण मी त्यांच्याकडे दर गुरुवारी जाते, बीपी बघायला, म्हणून मला माहितीय की त्यांची माणसं कुठे आहेत. मागच्या गुरुवारी त्यांच्या भाचीचा फोन आला. दोन वाक्यं मल्याळममध्ये बोलल्या आणि तिसऱ्या वाक्याला मराठीवर आल्या, "बरं चाललंय गं, पाऊस झाला का तिकडे", आणि पलीकडून ती पोरगी नुसती हॅलो हॅलो करत राहिली. सिस्टरना कळलंच नाही की आपण भाषा बदलली. गोळ्या मोजतात त्या मराठीत, जपमाळ मराठीत, झोपेत बोलतात ते पण मराठीतच असं धाकट्या सिस्टर सांगतात. आता विसरायला लागल्यात, आज वार कोणता ते सांगता येत नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझा थोरला दोन किलो शंभरचा होता ना गं, किती घाबरली होतीस." ३३ वर्षं झाली त्याला! अशा बाईला जिथे एकालाही मराठी येत नाही अशा घरात नेऊन ठेवायचं म्हणजे तिच्या हातात उरलेलं तेवढंच काढून घ्यायचं. मी नर्स आहे, विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची जागा बदलली की काय होतं ते मी डोळ्याने पाहिलंय, त्यांना रात्री खोलीचं दार सापडत नाही.

बदलच नको असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसा अर्थ काढू नका. सिस्टर लोकांनी जेवढे बदल पचवलेत तेवढे कुणी पचवले नसतील. आई सांगायची की तिच्या लहानपणी नगरच्या उन्हात सिस्टर डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा घालून फिरायच्या, मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि फादरांची पाठ लोकांकडे असायची. मग १९६२ ते ६५ रोमला व्हॅटिकनची मोठी सभा झाली, ६५ च्या ऑक्टोबरमध्ये सिस्टर आणि ब्रदर लोकांसाठी वेगळा आदेश निघाला की आपला संघ मुळात कशासाठी निघाला ते परत बघा आणि काळाला जुळत नाही ते सोडा. त्यानंतर हळूहळू प्रार्थना मराठीत आल्या, आपल्याकडे बऱ्याच संघांच्या सिस्टर साडी नेसायला लागल्या. पहिल्यांदा सिस्टर साडीत आल्या तेव्हा आमच्या गावातल्या एका म्हातारीने ओळखलंच नाही, बाई तुम्ही कुणाकडं आलात म्हणून विचारलं, हे आई मरेपर्यंत सांगायची.

आणि त्याच बदलामुळे तर सिस्टर आमच्याकडे आल्या! मोठ्या सिस्टर आधी मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात होत्या. बाहेर गरिबांत जाऊन राहू का म्हणून त्यांनी आणि आणखी दोघींनी मागणी केली, आणि पत्र्याची एक खोली भाड्याने घेऊन वस्तीत राहिल्या. सार्वजनिक नळावर आमच्या आयांबरोबर हंडा घेऊन लाइनीत उभ्या राहिल्या. पुढे एड्सची साथ आली तेव्हा पुण्यात लोक पेशंटला हात लावत नव्हते, सरकारी दवाखान्यात फुकट औषध सुरू झालं तेच मुळी २००४ ला, त्याच्या आधी नुसतं धुणं-पुसणं आणि जवळ बसणं एवढंच करता यायचं आणि ते त्यांनी केलं. माझ्या चुलतभावाचं केलं.

मला नर्सिंगला लावलं ते पण त्यांनीच, आणि अ‍ॅना डेंगेलची गोष्ट त्यांनीच सांगितलेली. पूर्वी चर्चच्या नियमाने सिस्टरना बाळंतपण करायला मनाई होती, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. इकडे हिंदुस्थानात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवायच्या नाहीत आणि मरायच्या. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन म्हणून स्कॉटलंडची एक डॉक्टर होती, ती सिस्टर नव्हती, तिने रोमला परत परत विनंत्या केल्या आणि परवानगी न बघताच ती १९१३ ला वारली. तिचं काम पुढे ऑस्ट्रियाच्या डॉक्टर अ‍ॅना डेंगेलने उचललं, १९२५ ला मेडिकल मिशन सिस्टर्स काढल्या, आणि १९३६ ला रोमने परवानगी दिली. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, विचारत राहिलं म्हणून मिळालं. म्हणून आम्ही विचारतोय, यात कुणाचा अपमान नाही.

अडचण काय आहे ते मला समजतं. मुलीच येत नाहीत. १९७० च्या सुमाराला जगात दहा लाखाच्या आसपास सिस्टर होत्या, आज सहा लाखाच्या आत आल्यात. युरोपात तर कॉन्व्हेंटच्या कॉन्व्हेंट रिकामी झाली. आपल्याकडे केरळमधून एकेका घरातून दोन दोन मुली यायच्या, आता घरात मूलच एक किंवा दोन आणि मुलगी नर्स होऊन परदेशी जाते, त्यात तिचं काय चुकलं. झारखंड, छत्तीसगड, ओडिशाकडच्या मुली येतात त्यांना त्यांच्या भागात काम आहे. मग आहेत त्या सिस्टर किती ठिकाणी पुरवायच्या, प्रोव्हिन्शियलच्या डोक्याला पण ताप असणार.

पैशाचंही खरं सांगितलं पाहिजे, कारण लोकांचा समज भलताच आहे. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरांच्या पगारातून टीडीएस कापायचा, तेव्हा आमच्या भागातल्या एका ग्रुपवर लोक लिहीत होते की बघा यांना पगार आहेत. अहो, तो पगार आणि पेन्शन जे काही असेल ते संघाच्या खात्यात जातं, दारिद्र्याचं व्रत म्हणजे तेच. आणि वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरला ना पगार ना पेन्शन. मोठ्या सिस्टरचं सामान मी पाहिलंय, एक पत्र्याची ट्रंक, चार राखाडी साड्या, खांद्याला टाचायचा छोटा क्रूस आणि बाळंतपणाच्या नोंदींच्या सात वह्या. त्या वह्या नेता येणार नाहीत असं सांगितलंय, म्हणे जागा नाही.

मी त्यांना विचारलं तुम्हाला जायचंय का. म्हणाल्या, "माझं आज्ञेचं व्रत आहे." त्या पुढे काही बोलणार नाहीत, साठ वर्षं बोलल्या नाहीत. पण व्रत त्यांनी घेतलंय, आम्ही नाही घेतलेलं, तर आम्ही बोललं पाहिजे. पोप फ्रान्सिसनी २०२१ पासून २०२४ पर्यंत सिनड म्हणजे चर्चची विचारविनिमयाची सभा चालवली, गावोगावी लोकांचं ऐका म्हणून, आमच्या चर्चमध्ये पण फॉर्म भरून घेतले होते, २०२३ ला रोममध्ये पहिल्यांदा बायकांना मत द्यायला मिळालं. २०२५ च्या जानेवारीत तर जगातल्या सगळ्या सिस्टर-ब्रदर लोकांचा कारभार बघणारं व्हॅटिकनचं खातं सांभाळायला एका मिशनरी सिस्टरलाच नेमलं, सिमोना ब्राम्बिला. एवढं सगळं वर होतंय तर येरवड्यात एक मीटिंग घ्यायला काय हरकत आहे?

घर चालवायला जमत नसेल तर बंद करा, आम्ही रडू पण समजून घेऊ. पण मोठ्या सिस्टरना पुण्यातच ठेवा, संघाची इथे दुसरी घरं आहेत, एक खोली निघेल. दिवसाला दोन जणी याप्रमाणे आम्ही बायकांनी पाळ्या लावून ठेवल्यात, बारा नावं झालीत, त्यातल्या सात जणी ख्रिस्ती नाहीत. रात्रीची ड्युटी मी करेन, मला सवय आहे. औषधाचा खर्च वस्ती करेल. आणि त्या सात वह्या आम्हाला द्या, त्यात आमच्या पोरांची वजनं आहेत.

संपादक साहेब, हे पत्र गाडीच्या तारखेच्या आत छापा एवढीच विनंती. प्रोव्हिन्शियल तुमचा पेपर वाचतात असं धाकट्या सिस्टर म्हणाल्या.

आपली,
एक वाचक, येरवडा, पुणे