जोचीच्या नावाखालची तुटक रेघ

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला चंगीजखानाच्या वंशवृक्षाचा तक्ता परवा मिळाला. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून तो जेवणाच्या टेबलावर पसरला आहे, आणि त्यापायी मी व तुझी आई दोन दिवस खाली पाटावर बसून जेवतो आहोत. काम नेटके झाले आहे. माझी हरकत मुख्यतः एकाच रेघेबद्दल आहे. चगताई, ओगेदेई आणि तुलुई या तिघांना तू बापाशी सरळ रेघेने जोडले आहेस, थोरल्या जोचीला मात्र तुटक रेघेने जोडून खाली बारीक अक्षरात ‘पितृत्व संशयित’ असे लिहिले आहेस.

संशयाला आधार आहे, हे मान्य. चंगीजच्या बापाने, येसुगेईने, होएलुनला मेर्किट टोळीतल्या चिलेदूच्या हातून पळवून आणले होते. त्याचा डूख धरून मेर्किटांनी पुढे होएलुनच्या सुनेला, म्हणजे चंगीजची बायको बोर्ते हिला, पळवून नेले आणि चिलेदूच्या धाकट्या भावाच्या हवाली केले. तेमुजिनने (चंगीजचे हे मूळ नाव) तोघरुल आणि जमुखा यांच्या मदतीने तिला सोडवून आणले, आणि त्यानंतर लवकरच जोची जन्मला. त्याच्या नावाचा अर्थ ‘पाहुणा’ असा सांगतात.

‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात मध्य आशियातल्या ख्वारज्म राज्यावरच्या स्वारीपूर्वीचा एक प्रसंग आहे. वारस ठरवायचा म्हणून चंगीजने आधी जोचीला बोलायला सांगितले, तेव्हा त्याने तोंड उघडण्याआधीच चगताईने भर सभेत त्याचे ‘मेर्किटाचे पोर’ म्हणून उणे काढले. जोचीने त्याची गळपट्टी धरली आणि दोघांना सरदारांनी हात धरून सोडवले. चंगीजने सगळे ऐकून घेतले आणि बजावले की जोची माझा थोरला मुलगा आहे, पुन्हा असे बोलायचे नाही. गादी मात्र तिसऱ्या मुलाला, ओगेदेईला मिळाली. ज्याच्या नावाने वंश चालला त्याने स्वतः निवाडा दिला असताना तू चगताईचा पक्ष का घ्यावास, हे मला समजत नाही.

तुटक रेघेचाच आग्रह असेल, तर ती आणखी वर न्यावी लागेल. त्याच ग्रंथात अलान गोवा या विधवेची हकीकत आहे. नवरा वारल्यानंतर तिला तीन मुलगे झाले. आधीच्या दोन मुलांनी घरातल्या गड्यावर संशय घेतला, तेव्हा तिने सांगितले की रात्री तंबूच्या धुराड्यातून येणाऱ्या उजेडाबरोबर एक पिवळा, तेजस्वी पुरुष आत येई, पोटावरून हात फिरवी आणि पहाटे पिवळ्या कुत्र्यासारखा सरपटत निघून जाई. या तिघांतला धाकटा बोदोन्चर हाच चंगीजच्या बोर्जिगिन कुळाचा मूळपुरुष. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणतो. मंगोलांनी ते शोधले, जे सापडले ते जसेच्या तसे लिहून ठेवले आणि तरीही त्या कुळाला ‘सोनेरी कूळ’ म्हटले.

शिवाय राज्ये किती टिकली तेही पाहा. तुलुईच्या मुलांपैकी हुलागूची इराणमधील शाखा १३३५ मध्ये अबू सईद निपुत्रिक वारल्यावर मोडकळीस आली आणि कुबलाईच्या वंशजांना १३६८ मध्ये चीन सोडून उत्तरेच्या गवताळ प्रदेशात परतावे लागले. जोचीच्या वंशातले खान मात्र क्रिमियात १७८३ पर्यंत राज्य करत होते, आणि कझाकांचे खानही त्याच्याच वंशातले. १५७५ मध्ये रशियाच्या चौथ्या इव्हानने स्वतः बाजूला सरून सिमियोन बेकबुलातोविचला जवळजवळ वर्षभर गादीवर बसवले होते, तोही जोचीचाच वंशज. इव्हानच्या मनात काय होते, यावर इतिहासकार अजून भांडतात.

मंगोल भाषेत बापाकडच्या वंशाला ‘हाड’ म्हणतात. खान व्हायचे तर हाड चंगीजचे हवे, हा नियम इतका कडक होता की तैमूरसारख्या विजेत्यालाही तो मोडवला नाही. तो बर्लास टोळीचा. चंगीजवंशीय बाहुला खान गादीवर ठेवून स्वतः अमीर म्हणून त्याने कारभार केला, जसा पेशव्यांनी सातारच्या गादीच्या नावाने केला. चंगीजवंशातल्या सराय मुल्क खानुमशी लग्न करून त्याने ‘गुरकान’, म्हणजे जावई, ही पदवी मिरवली. तू बाबराला थेट चगताईखाली सरळ रेघेने लटकवले आहेस, तिथे खरी चूक आहे. बाबर बापाकडून तैमूरचा. चगताईशी त्याचे नाते आईकडून, कुतलुग निगार खानुमकडून, आणि तिचे नाव तक्त्यात नाहीच. मोगल (म्हणजे मंगोल) हे नाव त्याला रुचले असते असेही नाही, कारण आत्मचरित्रात त्याने मोगलांबद्दल फारसे बरे लिहिलेले नाही.

कोपऱ्यातला ‘दीड कोटीहून अधिक वंशज’ हा आकडाही खोड. २००३ च्या त्या संशोधनात आशियातल्या असंख्य पुरुषांत एकसारखे वाय गुणसूत्र (जे बापाकडून मुलाकडे जाते) आढळले एवढे खरे. पण ते चंगीजचेच, हा अंदाज आहे. त्याची कबर अजून सापडलेली नाही, त्यामुळे ताडून पाहायला त्याचे एकही हाड हाताशी नाही.

तेव्हा जोचीची रेघ सरळ कर आणि बाबराला तैमूरखाली हलव. कुतलुग निगारसाठी डावीकडे जागा लागेल, तिथली तुझी नक्षी थोडी पुसावी लागेल. बाबराच्या खाली पाच पिढ्यांची जागा मोकळी ठेव, कारण बाबर धरून सहावा औरंगजेब आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर खुलताबादला उघड्या आभाळाखाली पुरलेला आहे. दिवाळीत आलीस की तिथे जाऊ. तक्ता उद्या कुरिअरने परत पाठवतो. टेबल मोकळे करा, अशी तुझ्या आईची ताकीद आहे.

तुझे,
बाबा