आधी वाच्यता नको, नंतर लपवाछपवी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा राष्ट्रप्रमुख किंवा मंत्री युद्ध पेटलेल्या भागात जाऊन आला, की दुसऱ्या दिवशी प्रश्न हमखास येतो: एवढी भीती होती तर गेले कशाला, आणि गेले तर असे लपूनछपून का? नाराजी समजण्यासारखी आहे. लोकांच्या पैशाने होणारा दौरा लोकांपासूनच लपवला जातो, हे खटकायलाच हवे. पण नेमके काय लपवले जाते आणि किती तास, हे पाहिले तर आपली नाराजी कुठे खर्च करावी हे ठरवता येईल.

पाहुणा येणार, एवढेच कळून शत्रूचे भागत नाही. त्याला वेळ आणि जागा लागते. १३ एप्रिल १९४३ रोजी जपानी नौदलाने आपल्या तळांना एक सांकेतिक संदेश धाडला. जपानी आरमाराचे सरसेनापती ॲडमिरल यामामोतो १८ तारखेला पाहणीसाठी येत आहेत. सकाळी ६ वाजता पॅसिफिक महासागरातल्या रबाउलहून बॉम्बफेकी विमानाने निघतील, सोबत ६ लढाऊ विमाने असतील, ८ वाजता बालाले बेटावर उतरतील आणि तिथून बोटीने ८.४० ला शॉर्टलंडला पोहोचतील. तळावरच्या लोकांना तयारी करता यावी, एवढाच हेतू. अमेरिकी नौदलाने तो संदेश पकडून उलगडला. यामामोतो वेळेचे पक्के, त्यामुळे १८ तारखेला १६ अमेरिकी पी-३८ विमाने समुद्राला लगटून शेकडो किलोमीटर आली आणि जवळजवळ ठरल्या मिनिटाला समोर उभी ठाकली. यामामोतोंचे विमान बुगेनव्हिल बेटावरच्या जंगलात कोसळले. यात फितुरी नव्हती. स्वागताच्या सोयीसाठी पाठवलेला एक कागद पुरला.

म्हणून अशा दौऱ्यात पहिली काटछाट होते ती कागदांची. गाड्या किती, कोण कुठे उभे राहणार, जेवण कुणाचे, रक्तगट कोणता, हे सगळे एरवी आठवडाभर आधी यजमानांच्या कार्यालयात पोहोचते आणि तिथून दहा टेबलांवर फिरते. युद्धक्षेत्रात ते शक्यतो शेवटच्या क्षणापर्यंत रोखून धरतात. यजमानांना यात अपमान वाटतो, आणि तो खराही असतो. जून २००६ मध्ये बुश बगदादला गेले तेव्हा इराकचे पंतप्रधान मलिकी यांना ते भेटीच्या जेमतेम ५ मिनिटे आधी कळले. स्वतंत्र म्हणवणाऱ्या देशाच्या पंतप्रधानाला हे झोंबणारच. उलट टोकही पाहायला मिळते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन आणि संरक्षणमंत्री ऑस्टिन कीव्हला येणार हे झेलेन्स्की यांनी आदल्या दिवशीच पत्रकारांना सांगून टाकले. वॉशिंग्टन त्यावर चकार शब्द काढायला तयार नव्हते.

विमानाचा सगळ्यात नाजूक टप्पा उतरण्याचा. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. या उताराने ३ किलोमीटर उंचीवरून धावपट्टीपर्यंत यायला जवळजवळ ५७ किलोमीटर अंतर लागते. खांद्यावरून डागायची अनेक क्षेपणास्त्रे साधारण ३ किलोमीटर उंचीपर्यंत मारा करतात. म्हणजे हल्लेखोराला विमानतळाच्या कुंपणाजवळ फिरकायचीही गरज नाही. ५७ किलोमीटरच्या त्या पट्ट्यात एखादे शेत किंवा गच्ची पुरते. एवढा पट्टा कोणतेही सैन्य घराघरांतून झाडून काढू शकत नाही. त्यामुळे बगदादला येणारी लष्करी विमाने विमानतळाच्या डोक्यावर येईपर्यंत उंचावरच राहत आणि मग अरुंद घिरट्या घेत झपकन खाली येत. अशाने धोक्याचा पट्टा पहारा असलेल्या जागेपुरता आवळला जातो. रात्रीची वेळ, बंद दिवे आणि खिडक्यांचे ओढलेले पडदे यामागेही कारण आहे: क्षेपणास्त्र उष्णतेचा माग काढत असले, तरी ते आधी कुणीतरी डोळ्यांनी पाहून विमानाकडे रोखावे लागते.

हे कागदावरचे गणित नव्हे. २२ नोव्हेंबर २००३ रोजी बगदादहून उडालेल्या डीएचएल या कुरिअर कंपनीच्या एअरबस ए-३०० मालवाहू विमानाला सुमारे ८,००० फुटांवर असे क्षेपणास्त्र लागले. तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, सुकाणू निकामी झाले. विमानातल्या तिघा कर्मचाऱ्यांनी केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान परत उतरवले. त्यानंतर ५ दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, बुश त्याच विमानतळावर अंधारात उतरले. सुमारे अडीच तास थांबले. बातमी बाहेर आली ती विमान इराकमधून निघाल्यावर, आणि बरोबरच्या पत्रकारांना आधीच बजावले होते की वाच्यता झाली तर विमान मागे फिरेल.

युक्रेनमध्ये प्रवासी विमाने उतरतच नाहीत, म्हणून पाहुणे पोलंडमधल्या पशेमिशल स्थानकावरून आगगाडीने जातात. सुमारे १० तासांचा रस्ता. रूळ हलवता येत नाही, त्यामुळे कोणती गाडी आणि कोणती रात्र एवढेच हाती राहते. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी बायडेन पहाटे सव्वाचार वाजता नेहमीच्या मोठ्या विमानाऐवजी लहान बोइंग ७५७ जातीच्या विमानाने निघाले. सोबत फक्त दोन पत्रकार, त्यांचे फोन काढून घेतलेले. जाहीर कार्यक्रमात ते दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वॉशिंग्टनमध्येच असणार आणि संध्याकाळी वॉर्साला निघणार असे छापले होते. प्रत्यक्षात सोमवारी सकाळी ८ च्या सुमारास ते कीव्हमध्ये होते. निघण्याच्या काही तास आधी रशियाला मात्र कळवले होते, चुकून भलतेच काही घडू नये म्हणून. शत्रूला सांगितले आणि आपल्या नागरिकांना नाही, हे ऐकायला विचित्र वाटते. पण दोन अण्वस्त्रधारी देशांत गैरसमजाचा धोका गुप्ततेच्या धोक्याहून मोठा होता, आणि तो निर्णय मला बरोबर वाटतो. छापील कार्यक्रम खोटा होता हे आवडणारे नाही. तरी तो कोरा ठेवला असता तर कोरेपणाच बातमी झाला असता.

पुढच्याच महिन्यात जपानचे पंतप्रधान किशिदा दिल्लीची भेट आटोपून गुपचूप पोलंडला गेले. पशेमिशलला गाडीत चढताना ते जपानी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांत सापडले आणि ते कीव्हला पोहोचण्याआधीच दृश्ये जपानमध्ये दाखवली गेली. काही अघटित घडले नाही, म्हणून ते योग्य ठरत नाही. गाडी अजून रुळांवर होती, आणि तिच्यात चालक, गार्ड, सेवक असे युक्रेनचे रेल्वे कर्मचारीही होते.

उघडपणे जा, शत्रू हात लावणार नाही, असेही सुचवले जाते. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस आधी मॉस्कोला पुतिन यांना भेटले आणि मग जाहीरपणे कीव्हला आले. ते शहरात असतानाच, २८ तारखेला, कीव्हवर क्षेपणास्त्रे पडली. एका निवासी इमारतीत राहणारी पत्रकार त्यात मरण पावली.

अशा हल्ल्यात पाहुणा सहसा वाचतो. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष चेनी अघोषित भेटीसाठी अफगाणिस्तानात बगराम तळावर आले. हवामान बिघडल्याने काबूलला जाता आले नाही, रात्रीचा मुक्काम पडला आणि तेवढ्यात ते आल्याचे जगजाहीर झाले. सकाळी तळाच्या फाटकावर आत्मघाती स्फोट झाला. रोख चेनींवर होता असे तालिबानने सांगितले. चेनी आत सुखरूप होते. २० हून अधिक माणसे मेली, त्यांत बरेचसे कामासाठी फाटकावर आलेले अफगाण मजूर होते. गुप्ततेला ‘साहेबांची काळजी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी त्या फाटकावरची रांग डोळ्यांसमोर आणावी.

मात्र गुप्ततेची मुदत पाहुणा युद्धक्षेत्राबाहेर पडला की संपते. त्यानंतरही मौन पाळले जात असेल तर ती सुरक्षा नव्हे, सोय आहे, आणि तिथे वृत्तपत्रांनी अजिबात सवलत देऊ नये. गंमत अशी नव्हे तर खेद असा, की नको ते गुपित निसटते ते सरकारांच्याच हातून: मे २०१४ मध्ये ओबामांच्या बगराम भेटीच्या वेळी व्हाइट हाउसने पत्रकारांना दिलेल्या यादीत सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या काबूलमधल्या प्रमुखाचे नाव चुकून गेले.

आपल्या वृत्तपत्राकडून तीन अपेक्षा आहेत. पाहुणा पोहोचल्याची कुणकुण लागली तरी तो बाहेर पडेपर्यंत बातमी थांबवावी. परतीचा रस्ता बहुधा तोच असतो आणि तोवर तो सगळ्यांना ठाऊक झालेला असतो. छायाचित्र छापताना मागे दिसणारे फाटक, गाडीचा क्रमांक, रुग्णालयाच्या वॉर्डाची पाटी पाहून मगच छापावे. आणि विमान मायदेशी टेकले, की कुणाला भेटले, कुणाची भेट टाळली, कशावर सह्या केल्या, सोबत कोण होते, खर्च किती झाला, हे सारे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत रोज छापत राहावे.

आपला,
एक वाचक